दोन सतरंज्यांचा नियम

भिंतीपलीकडची दिलमाया एका देशाची घटना लिहायला निघाली आहे, हे वसुंधराबाईंना दोडक्याच्या शिरा काढता काढता कळलं.

बातमी दिली मारोतरावांनी, तीही पेपर खाली न करता. "कर्णबहादुर सांगून राहिला होता सकाळी. नेपाळच्या संविधान सभेत दिलमायाचं नाव लागलं. सहाशे एक सभासद आहेत म्हणे. त्यातला तो वरचा एक हिचा असावा."

"आपल्या दिलमायाचं?"

"दुसरी कोणती आहे आपल्याकडे?"

वसुंधराबाईंनी दोडका खाली ठेवला. दोन हजार आठचा मे महिना होता, भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये दुपारी पंखासुद्धा गरम हवेची तक्रार करत फिरायचा, पण त्यांना घाम आला तो त्यामुळे नाही. त्या नागपूरच्या एम.ए. होत्या, राज्यशास्त्रात. 'विधिमंडळांची रचना' हा त्यांचा खास पेपर. जगातल्या कोणत्या देशात किती सभागृहं, वरच्याचे अधिकार काय, खालच्याचे काय, हे त्यांना अजून झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. मात्र लग्न होऊन भिलाईला आल्यापासून त्यांना तसं कोणी उठवलं नव्हतं. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून असलेल्या नवऱ्याला सभागृहांत रस नव्हता. सेक्टरमधल्या पोरांना नागरिकशास्त्र शिकवावं आणि 'विदर्भ भगिनी मंडळा'चं अध्यक्षपद सांभाळावं, एवढ्यावर त्या विद्येची बोळवण झाली होती.

आणि दिलमाया! नववीतून शाळा सुटलेली. तिचा नवरा कर्णबहादुर रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवून निवृत्त झाला, दोघांनी शेजारचं राहतं क्वार्टरच लीजवर घेतलं आणि इथेच राहिले. भिलाईत थंडी पाच आठवडे असते, दिलमाया बारा महिने स्वेटर विणायची. गॅसच्या नोंदणीचा फॉर्म भरायचा तरी भिंतीवरून हाक यायची, "वहिनी, येवढं लिहून द्या ना जी."

ती घटना लिहिणार होती.

"पण निवडणूक कधी लढली ती?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"लढली नाही म्हणून तर आली."

ती हकिकत मग कर्णबहादुरने स्वतः येऊन सांगितली, हसू दाबत. तिकडे मतदाराने एक मत माणसाला द्यायचं आणि एक पक्षाला. पक्षाला जेवढी मतं, त्या हिशेबाने जागा. जागेवर कोणाला बसवायचं ते पक्षाने आपल्या यादीतून नंतर ठरवायचं. यादीत निम्म्या बायका पाहिजेत असा कायदा. दिलमायाचा थोरला भाऊ एका पक्षाचा पुढारी होता. पक्षाच्या नावात राष्ट्रीय होतं, जनता होतं, लोकतांत्रिक होतं आणि कंसात 'एकीकृत' होतं, म्हणजे तो नुकताच फुटलेला होता. यादीसाठी पुढाऱ्यांनी बायका लिहिल्या, सुना लिहिल्या, मेव्हण्या लिहिल्या, तरी एक नाव कमी पडत होतं. भावाने बहिणीचं टाकलं. तिच्या नेपाळी नागरिकतेचा कागद ट्रंकेत लग्नाच्या साडीखाली जपून ठेवलेला होताच.

पक्षाला सगळ्या देशात मिळून जागा मिळाली एक. पुढारी होते तीन. प्रत्येकाच्या नावाला बाकीचे दोघे विरोधात, हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, तेव्हा ज्यावर कोणाचाच आक्षेप नाही असं एकच नाव निघालं. तिच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं.

"म्हणजे कोणी ओळखत नाही हीच तिची लायकी," कर्णबहादुर गेल्यावर वसुंधराबाई म्हणाल्या.

"तुझं तसं नाही," मारोतराव म्हणाले. "तुला सगळे ओळखतात."

यात सांत्वन किती आणि दुसरं काही किती, हे मारोतरावांच्या बाबतीत पस्तीस वर्षांत ठरलं नव्हतं.

त्या दिवशी दिलमायाने भिंतीवरून वाटीभर खीर दिली. दोन घरांमधला रिवाज असा, की वाटी रिकामी परत जायची नाही. काहीतरी घालूनच जायची, निदान चार लाडू, नाहीतर साखर. वसुंधराबाईंनी वाटी घासली, पुसली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा रिकामी परत दिली. दिलमायाने ती हातात घेतली, आत पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, तब्येत बरी नाही का?"

*

तब्येत बरी नव्हतीच. टीव्हीवर बातम्या लागल्या की तर आणखीच बिघडायची. इकडे बायकांच्या आरक्षणाचं विधेयक संसदेत मांडलं जायचं आणि हळदीकुंकवाच्या ताटासारखं परत आत नेऊन ठेवलं जायचं. तिकडे शेजारणीला न मागता मिळालं होतं. दुर्गच्या स्टेशनवर तिला गोरखपूरच्या गाडीत बसवून द्यायला अख्खी गल्ली गेली. वसुंधराबाईही गेल्या, आणि गाडी हलली तेव्हा इतरांपेक्षा जरा आधी हात खाली घेतला.

मग फोन सुरू झाले.

"वहिनी, दिलमाया बोलून राहिली! सावकाश बोला, फोन सरकारी आहे."

या एका वाक्याने वसुंधराबाईंची सकाळ संपायची. दिलमाया मराठी शिकली होती ती सेक्टरच्या नळावर आणि कैंप-1 च्या बाजारात, त्यामुळे तिची नागपुरी वसुंधराबाईंपेक्षा अस्सल होती. हाही एक मुद्दा होताच. तिला राहायला खोली मिळाली. तिला आत जायचा बिल्ला मिळाला, त्यावर फोटो. तिच्याशेजारी एक वकील बसतो, पलीकडे एक जण जंगलात दहा वर्षं बंदूक घेऊन फिरलेला, आता त्याला तिने कानटोपी विणून दिली. पंचवीस पक्ष आहेत, त्यातले अर्धे एकमेकांतून निघालेले, म्हणून बोलत नाहीत.

"आणि तू काय करतेस?" वसुंधराबाई विचारायच्या.

"मी काय करू जी? विणत बसते. थंडी त आहे इथं, कामात येते."

पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मात्र तिचा आवाज वेगळा होता. "वहिनी, मले एका समितीत टाकलं. संसद कशी पायजे, ते ठरवाचं. एक घर पायजे का दोन घरं. सोमवारी मले बोलाचं आहे. पक्षाचे तिघंही तीन गोष्टी सांगून राहिले. तुमी सांगा ना, तुमचा त हाच विषय होता."

वसुंधराबाई फोन धरून उभ्या राहिल्या. एक सभागृह की दोन सभागृहं. त्यांच्या खास पेपरातला पहिला प्रश्न, वीस गुणांचा. कपाटात वरच्या फळीवर, जुन्या ब्लँकेटखाली, त्यांच्या हातच्या नोट्स अजून होत्या, लाल शाईने अधोरेखित केलेल्या. त्यांना अख्खं उत्तर आठवलं. पहिल्या परिच्छेदापासून उपसंहारापर्यंत. ते त्यांनी पस्तीस वर्षं कोणीतरी विचारेल म्हणून सांभाळलं होतं, आणि विचारलं कोणी, तर हिने. आणि बोलणार कोण, तर ही.

"वहिनी? हॅलो?"

"त्यात एवढं काय आहे," वसुंधराबाई म्हणाल्या. "आपल्या मंडळात दोन सतरंज्या नाहीत का? तेच सांग जाऊन."

"सतरंज्यांचं सांगू?"

"हो, हो. तेच सांग. लोकांना आवडेल."

फोन ठेवल्यावर त्यांना बरं वाटलं. सहाशे एक जणांच्या त्या थोर सभेत दिलमाया उठते आहे आणि सतरंजीबद्दल बोलते आहे, हे चित्र त्यांनी डोळ्यांपुढे आणलं आणि दुपारी वर्षभरात पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली.

*

इथे सतरंज्यांचं सांगायला हवं.

भगिनी मंडळात दोन प्रकारच्या बायका होत्या. सेक्टरमधल्या, म्हणजे साहेबांच्या आणि कारकुनांच्या घरच्या. आणि कैंप-1 मधल्या, म्हणजे भंडारा-गोंदियाकडची शेती सोडून भट्टीवर कामाला आलेल्यांच्या. सेक्टरच्या निळ्या सतरंजीवर बसत, त्या अकरा. कैंपच्या लाल पट्ट्यांच्या सतरंजीवर, त्या चौतीस. अशी वाटणी कोणी केलेली नव्हती, ती आपोआप झाली होती, आणि आपोआप झालेली गोष्ट मोडता येत नाही. एका साली कैंपच्या मैनाबाईंनी अध्यक्षपदासाठी हात वर करायला लावले आणि चौतीस हात वर गेले, तेव्हा वसुंधराबाईंनी सभा तहकूब केली, घरी जाऊन त्या जुन्या नोट्स काढल्या आणि नियम क्रमांक नऊ लिहिला. कोणताही ठराव दोन्ही सतरंज्यांवर वेगवेगळा मंजूर झाल्याशिवाय मंजूर समजू नये.

कैंपच्या बायकांना तो न्याय वाटला. दोघींना सारखा मान. अकरा जणी चौतीस जणींना अडवू शकतात हे मैनाबाईंच्या लक्षात आलं दोन वर्षांनी. तोवर नियम जुना झाला होता, आणि वसुंधराबाई अध्यक्ष होत्या त्या होत्याच.

नऊ-अ असंही एक कलम होतं. जी सदस्या सतरंजीवर बसलेली नाही, तिचा हात मोजू नये. ते चहा करणाऱ्या बायका स्वयंपाकघराच्या दारातून हात वर करायच्या म्हणून घातलं होतं. पण लागू पडलं दिलमायाला. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलं होतं, "वहिनी, मी कुठं बसू?" नवरा क्रेनवर, म्हणजे लाल. घर सेक्टरमध्ये, म्हणजे निळी. वसुंधराबाईंनी निर्णय राखून ठेवला आणि म्हणाल्या, "बस तूर्त कुठंही." दिलमाया दोन सतरंज्यांमधून मागे गेली, दाराजवळ चपलांशेजारी उघड्या फरशीवर बसली आणि विणायला लागली. निर्णय अजून राखलेला होता.

*

सोमवार गेला. बुधवारी मारोतरावांनी पेपर खाली केला. हे ते क्वचित करत.

"वसू, तुझी सतरंजी छापून आली."

भिलाईच्या हिंदी पेपरात, तिसऱ्या पानावर, चार कॉलम: 'भिलाई की दिलमाया ने नेपाल को दिखाई दरी'. दरी म्हणजे हिंदीतली सतरंजी. सोबत फोटो, बिल्ल्यावरचाच. काठमांडूहून कर्णबहादुरला कळलं होतं आणि कर्णबहादुरकडून बातमीदाराला. दिलमाया समितीत म्हणाली होती, की संसदेत दोन घरं पाहिजेत, कारण एका दरीवर मोठ्या संख्येने बसलेले लोक छोट्या दरीचं ऐकत नाहीत. आमच्या भिलाईत तसाच नियम आहे आणि चांगला चालतो. पण त्या नियमात एक खोट आहे. मी अठरा वर्षं दोन दऱ्यांच्या मध्ये उघड्या फरशीवर बसले. माझा हात कोणी मोजला नाही. माझ्यासारखे या देशात पुष्कळ आहेत, कोणत्याच दरीवर नसलेले. म्हणून घरं दोन करा की एक करा, आधी फरशीवर कोण बसलं आहे ते पाहून घ्या.

वकिलाने टाळी वाजवली. बंदूकवाल्याने टाळी वाजवली. वेगवेगळ्या पक्षांच्या लोकांनी एकाच वेळी टाळी वाजवल्याचं ते पहिलंच उदाहरण असल्याचं, कर्णबहादुरच्या म्हणण्यानुसार, तिथे बोललं जात होतं.

वसुंधराबाईंनी बातमी तीनदा वाचली. नियमाचं श्रेय कोणाचं? शेवटच्या ओळीत होतं. 'यह नियम उनकी एक पड़ोसन ने बनाया था।'

एक पडोसन.

"नाव नाही छापलं," मारोतराव म्हणाले.

"दिसतं मला."

"बरं झालं म्हणतो मी. खोट कोणाची ते पण कळलं असतं."

वसुंधराबाईंना एकाच वेळी दोन गोष्टींचा राग आला: आपलं नाव का आलं नाही याचा, आणि ते आलं असतं तर काय झालं असतं याचा. दोन्ही राग एकमेकांना मंजूर होईनात. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे काही काम नव्हतं म्हणून परत आल्या.

मंडळात तर सणच होता. सेक्टरची दामिनी, मंडळाची नवी चिटणीस, पेपरचं कात्रण काचेच्या फ्रेममध्ये घालून घेऊन आली. "काकू, मतलब आपलं मंडळ तर फेमस झालं ना! मैं तो सबको भेज रही हूँ."

"कोणत्या वाक्यासाठी फेमस झालं ते वाचलं का?" वसुंधराबाई म्हणाल्या.

लाल सतरंजीवरून मैनाबाई म्हणाल्या, "वाचलं ना बाई. मोठ्यानं वाचून घेतलं पोरीकडून, दोनदा. तुमी कावून तोंड पाडून बसल्या पण? तुमचंच शिकवणं होय ते."

मैनाबाईंना वाचता येत नव्हतं. पण कुठे हसायचं नाही ते बरोबर कळत होतं.

*

पुढच्या जानेवारीत मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. त्या निमित्ताने मंडळाच्या सभागृहाच्या दाराशी संगमरवरी पाटी बसणार होती, तिच्यावर रौप्यमहोत्सवी वर्षाच्या अध्यक्षांचं नाव कोरायचं होतं. पाटीचा मजकूर वसुंधराबाईंनी दोन वर्षांपूर्वीच तयार केला होता. 'सौ. वसुंधरा मारोतराव' आणि खाली 'एम.ए. (राज्यशास्त्र)'. आयुष्यात ती पदवी कुठेतरी दगडावर यावी, एवढंच राहिलं होतं. बाकी त्यांनी कशाची अपेक्षा ठेवली नव्हती, असं त्या स्वतःला सांगत.

त्याच महिन्यात दिलमाया आठ दिवसांसाठी आली. तिच्या अंगावर तीच जुनी शाल होती आणि पायात तेच लोकरी मोजे, हे पाहून वसुंधराबाईंना जरा निराशाच वाटली. बदलली असती तर बोलायला काहीतरी झालं असतं. तिने भिंतीवरून हाक मारली, वाटी पुढे केली. वाटीत याक नावाच्या जनावराच्या दुधाचं वाळवलेलं काहीतरी होतं, दगडासारखं कडक.

"तोंडात ठेवून बसा वहिनी. दोन घंटे पुरते. आमच्या सभेत सगळे हेच चघळतात, म्हणून कोणी मधात बोलत नाही."

"घटना झाली का लिहून?"

"कुठची होते जी. मुदत वाढवाची म्हणून राहिले. समितीचा कागद त दिला आमी, पण त्यावर पुन्हा समिती बसन." ती हसली. "फरशीवाल्यांचं अजून कोणी लिहिलं नाही. टाळ्या त वाजवल्या."

शनिवारी चार वाजता सभा भरली. निळ्या सतरंजीवर अकरातल्या दहा, वसुंधराबाई खुर्चीत. लाल सतरंजीवर चौतीस. दिलमाया दाराजवळ, चपलांशेजारी, हातात राखाडी लोकर. दामिनीने मागचं इतिवृत्त वाचलं. मग मैनाबाई उठल्या, पदर सावरला.

"माहा एक ठराव आहे. पंचवीस वर्षाच्या पाटीवर आपल्या दिलमायाचं नाव पायजे. या सालच्या अध्यक्ष त्या. राहो ना बाई त्या नेपाळात, आपण का पाटीले रोज काम सांगणार आहो?"

लाल सतरंजीवर चौतीस हात वर गेले. वसुंधराबाईंनी ते शांतपणे मोजले. चौतीस असोत की चारशे, निळी सतरंजी होती. त्यांनी मान वळवली. निळ्या सतरंजीवर दामिनीचा हात वर होता. तिच्यामागे दुसरा. मग तिसरा. सहावा हात वर गेला तेव्हा खुर्चीचा पाय हलल्यासारखं वाटलं, पण तो नेहमीच हलायचा.

"एक हरकतीचा मुद्दा आहे," वसुंधराबाई उभ्या राहून, शुद्ध मराठीत म्हणाल्या. "नियम नऊ-अ. सतरंजीवर बसलेली नाही अशा सदस्येचा हात मोजला जात नाही. जिला मत नाही, तिला पद कसं देता येईल? ठराव नियमबाह्य आहे. मी तो फेटाळते."

मैनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आता नियम शिकवून राहिल्या आमाले?"

पण त्या पुढे बोलायच्या आधी दाराजवळून आवाज आला.

"वहिनी बरोबर आहेत जी. नियम आहे त आहे. मी बसली आहे न् इथं, चांगली." आणि दिलमायाने सुईवरचा टाका उतरवला.

मैनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. मग त्यांनी आपली पिशवी उचलली, लाल सतरंजीवरून उतरल्या आणि जाऊन दिलमायाशेजारी उघड्या फरशीवर बसल्या, गुडघे धरत, "आई गं, काय गार फरशी आहे" म्हणत. त्यांच्यामागून दुसरी उठली. मग लाल सतरंजी गुंडाळल्यासारखी रिकामी झाली. दामिनी निळीवरून उठताना म्हणाली, "काकू, सॉरी हं," आणि चपला बाजूला सारून बसली. शेवटी निळ्या सतरंजीवर राहिल्या फक्त दोघी, त्यातल्या एकीचे गुडघे दुखत होते. तिला दुसरीने हात देऊन उठवलं.

वसुंधराबाईंपुढे दोन सतरंज्या होत्या. दोन्हींवर कोणी नव्हतं. सगळं मंडळ दाराशी फरशीवर बसून दिलमायाला विचारत होतं, की ते जंगलवालं माणूस कानटोपी घालतं का आणि त्याला बायको आहे का.

त्यांना रडता आलं असतं. पण त्यांना नियम पाठ होते. नियम चौदा: दोन्ही सतरंज्यांवर एक तृतीयांश गणपूर्ती नसल्यास सभा अर्धा तास तहकूब करावी, त्यानंतर त्याच जागी सभा भरवावी, तिला गणपूर्तीची गरज नाही.

"सभा अर्धा तास तहकूब," त्या म्हणाल्या. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कोणी ऐकलं नाही.

त्या खुर्चीत बसून राहिल्या. अर्धा तास हा फार मोठा काळ आहे, समोर माणसं नसतील तर. दाराकडून हसण्याचे आवाज येत होते. अर्ध्या तासाने नियमाप्रमाणे त्या एकट्या म्हणजेच मंडळ होणार होत्या. स्वतःला अध्यक्ष निवडता आलं असतं. पाटी मंजूर करता आली असती, एम.ए.सकट. हरकत घ्यायला सतरंजीवर कोणी नव्हतं. त्यांनी ठरावाची वही मांडीवर घेतली, पेन उघडलं, आणि पहिल्या तीन ओळी तशाच लिहिल्यासुद्धा.

मग त्यांना दिलमायाचं भिंतीवरचं बोलणं आठवलं. फरशीवाल्यांचं अजून कोणी लिहिलं नाही. सहाशे एक माणसं, पंचवीस पक्ष, वकील, बंदूकवाले, सरकारी फोन, आणि दीड वर्षात ते कलम कोणाला लिहिता आलं नव्हतं. टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणजे ती जागा अजून रिकामी होती. आज, या क्षणाला, जो कोणी लिहील तो पहिला. उद्या कदाचित काठमांडूत लिहिलं जाईल आणि खाली दिलमायाची सही असेल.

त्यांनी पहिल्या तीन ओळी खोडल्या. अध्यक्षांना सूचक व्हायचं तर खुर्ची सोडावी लागते, तोही नियम त्यांचाच. त्या उठल्या आणि उभ्यानेच लिहिलं: 'नियम नऊ व नऊ-अ रद्द करण्यात येत आहेत. सभेत हजर असलेल्या प्रत्येक सदस्येचा हात, ती कुठेही बसलेली असो, मोजण्यात यावा. वेळ: दुपारी चार वाजून बेचाळीस मिनिटे.' वेळेखाली दोन रेघा मारल्या.

सूचक: सही. अनुमोदक: मोकळी जागा.

अनुमोदक कुठून आणायचा? वही घेऊन त्या दोन रिकाम्या सतरंज्यांच्या मधून चालत दाराशी गेल्या.

"सही कर," त्यांनी वही दिलमायापुढे धरली.

"पण मले त मत नाही ना, वहिनी?"

"हात मोजू नये असं लिहिलेलं आहे. सही घेऊ नये असं नाही. मी लिहिलाय तो नियम, मला शिकवू नकोस."

दिलमायाने सुया खाली ठेवल्या, ओठ हलवत ठराव वाचला, सावकाश, बोट फिरवत. मग वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे काही होतं ते वसुंधराबाईंना पाहायचं नव्हतं. "वहिनी, हे तिकडं नेऊ का मी? समितीले दाखवाले?"

"ने. पण वेळ छापायला सांग. आणि नाव. पडोसन नको."

मैनाबाईंनी तोंडावर पदर धरला. "आता मोजा बाई हात. माहा ठराव तसाच पडून आहे."

वसुंधराबाईंनी मोजले. आता सतरंज्या नव्हत्या, त्यामुळे एकदाच मोजायचे होते. दिलमायाच्या बाजूने चव्वेचाळीस. निळीवरच्या त्या शेवटच्या दोघींचेही. विरोधात, म्हणजे वसुंधराबाईंच्या बाजूने, एक. तो हात राखाडी लोकर धरलेला होता. मंडळात अठरा वर्षांत पहिल्यांदा मोजला गेलेला दिलमायाचा हात आपल्याला मिळालेलं एकमेव मत आहे, हे वसुंधराबाईंच्या लक्षात आलं. एवढासुद्धा मोठेपणा हिनेच घ्यायचा होता.

"ठराव चव्वेचाळीस विरुद्ध एक मतांनी मंजूर," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा आला. इतिवृत्त लिहायचं होतं, आणि उभ्याने पाय दुखायला लागले होते.

"बसा ना जी," दिलमाया सरकली.

वसुंधराबाई फरशीवर बसल्या. फरशी गार होती. दारातून संध्याकाळचं ऊन थेट वहीवर येत होतं, अक्षर न् अक्षर दिसत होतं, चष्म्याशिवाय. वर खुर्चीपाशी तर दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागायची. त्यांनी मान वर करून एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा दिलमायाच्या विणकामाकडे.

सगळ्यात चांगला उजेड इथे होता, आणि अठरा वर्षं हिने तो एकटीने वापरला होता.